रिएजंट म्हणजे कमिटी

शालन येवले हिला राग पटकन यायचा. तो तोंडावाटे बाहेर पडायला मात्र अकरा वर्षं लागली, आणि पडला तो जानेवारीतल्या एका मंगळवारी, वलवणच्या बाजूच्या त्या ज्युनियर कॉलेजात, जिथं ती अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवायची. शिकवायची म्हणजे फळ्यावर शिकवायची. फळ्यापलीकडे शिकवायला जे काही लागतं ते तिथं नव्हतं, आणि नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

तसं दारावर पाटी होती: 'रसायनशास्त्र प्रयोगशाळा'. आत तंबू होते.

संस्थेचे अध्यक्ष श्रीपतीअण्णा यांचं पवनेच्या काठी कॅम्पिंग चालायचं. मुंबई-पुण्याची मंडळी शनिवार-रविवार येऊन तंबूत झोपायची, शेकोटीपुढे फोटो काढायची. एरवीचे पाच दिवस हे तंबू ठेवायचे कुठं? तर प्रयोगशाळेत. शुक्रवारी तंबू जायचे, सोमवारी चिखल घेऊन परत यायचे. ओट्यांवर गाद्यांची चळत, सिंकमध्ये तंबूच्या खुंट्या, गॅसच्या नळ्यांना वाळत घातलेल्या दोऱ्या. शालननं पहिल्या वर्षी तोंडी विचारलं, दुसऱ्या वर्षी लेखी विचारलं. तिसऱ्या वर्षी विचारायचं सोडलं, कारण तिची नेमणूकच दर जूनमध्ये नव्यानं व्हायची. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक महिना घरी, मग पुन्हा अकरा महिन्यांची. सोमाटण्याहून रोज स्कूटर दामटत येणाऱ्या बाईला जून जवळ आला की ऑर्डर निघेल की नाही याची धास्ती असायची. त्या धास्तीपायी ती मूग गिळून बसली, आणि याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटायची.

मग प्रॅक्टिकल कसं व्हायचं? ती फळ्यावर आकडे लिहायची. दहा पॉइंट दोन, दहा पॉइंट एक, दहा पॉइंट एक. खाली लिहायची: कॉन्स्टंट रीडिंग, दहा पॉइंट एक. चाळीस पोरं-पोरी खाली माना घालून ते आकडे जर्नलमध्ये उतरवायची. चाळीस जर्नलांत एकच रीडिंग, आणि वर्षाच्या शेवटी चाळीसही जणांना तीसपैकी अठ्ठावीस. मार्कांची ददात नव्हती. मार्क मिळायचे, हात मिळायचे नाहीत.

हात मिळाले नाहीत म्हणजे काय होतं, ते तिनं सृष्टीच्या रूपानं पाहिलं होतं. सृष्टी तीन वर्षांपूर्वीची, वर्गात पहिली आलेली. पुण्याला बीएस्सीला गेली. पहिल्याच प्रॅक्टिकलला तिला बुरेट, म्हणजे खाली तोटी असलेली मापाची काचनळी, भरायला सांगितली. तिनं खालचा कॉक उघडा ठेवून वरून ॲसिड ओतलं. सगळं ओट्यावर, ओढणीवर, पायावर. शेजारची मुलगी हसली आणि म्हणाली, बारावी कुठून केलीस गं, पोस्टानं? सृष्टीनं तीन महिने काढले, मग गाठोडं बांधून परत आली. आता ती भुशीच्या रस्त्यावर एका रिसॉर्टच्या काउंटरवर बसते आणि येणाऱ्यांची आधारकार्डं तपासते. शालन एकदा तिच्यासमोर उभी राहिली तर सृष्टीच म्हणाली, "मॅडम, तुमचा काय दोष?" घरी जाईपर्यंत शालनच्या डोळ्यांचं पाणी खळलं नाही. दोष होता, म्हणून.

आता बारावीत रूपा होती. भुशीच्या वरच्या अंगाला डोंगरात ठाकरवाडी आहे, तिथली. पहाटे उठून पायवाटेनं उतरायची, मग डांबरी रस्त्यानं चालत यायची. तिची आई सावित्राबाई अण्णांच्या कॅम्पवर रोजंदारीनं तंबू धुवायची. प्रयोगशाळेतल्या तंबूंच्या घड्या पाहून रूपा सांगायची, "ही घडी माज्या आईची हाय, ही दुसऱ्या बाईची." वाडीतून बारावी सायन्सला पोचलेली पहिली पोर. तिला पुढं केमिस्ट्रीच घ्यायची होती. शालनला तिच्याकडे पाहताना अभिमान वाटायचा आणि लगेच डोळ्यांपुढे सृष्टीची भिजलेली ओढणी यायची.

संस्थेची कॉलेजं तीन: एक इथं, एक कामशेतला, एक सोमाटण्याला. प्रयोगशाळेचं सामान मात्र एकच. वीस बुरेटी, वीस पिपेटी, परीक्षानळ्यांची खोकी, तराजू आणि रसायनांच्या बारा बाटल्या. हे सगळं टेम्पोत भरून असायचं. ज्या कॉलेजची सरकारी तपासणी, तिथं टेम्पो जायचा. तंबू मागच्या शेडमध्ये, सामान ओट्यावर. कमिटी यायची, बघायची, जायची. सामान टेम्पोत, तंबू ओट्यावर. त्या बारा बाटल्यांनी जुना हायवे जेवढा पालथा घातला होता तेवढा एसटीच्या ड्रायव्हरनंही घातला नसेल. आणि तिन्ही कॉलेजांच्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये तेच सामान आपापलं म्हणून नोंदवलेलं. इथल्या रजिस्टरवर सही शालनची होती. दर वर्षी करायची. हात आखडायचा, तरी करायची.

बाटल्यांची सीलं कधी फुटली नव्हती. फोडायचीच नाहीत, असा अण्णांचा हुकूम होता. सीलबंद माल नवा दिसतो म्हणे.

गेल्या वर्षीच्या एका तपासणीच्या दुसऱ्या दिवशी शालनला अकरावीला इलेक्ट्रॉन सरकण्याचे इफेक्ट शिकवायचे होते. डोकं आदल्या दिवसापासून तापलेलं. तिनं फळ्यावर दोन कार्बन काढले, मध्ये दोन रेघा.

"यातला एक बाँड घट्ट, तो जागचा हलत नाही," ती म्हणाली. "दुसरा पाय बाँड, गणितातला पाय तो. त्याची इलेक्ट्रॉनची जोडी सैल असते. एरवी दोघांच्या मध्ये, कुणा एकाची नाही. पण बाहेरून अटॅकिंग रिएजंट जवळ आला की ती जोडी अख्खीच्या अख्खी एका कार्बनवर जाऊन बसते. तो मायनस, दुसरा प्लस. रिएजंट काढून घ्या, जोडी मुकाट्यानं परत मध्ये. जसं होतं तसं. म्हणून हा टेम्पररी. इंडक्टिव्ह इफेक्ट कायमचा असतो, कुणी येवो न येवो. हा इलेक्ट्रोमेरिक मात्र फक्त पाहुणा दारात असेपर्यंत."

वर्ग कोऱ्या चेहऱ्यानं बघत राहिला. मराठी शाळेतून आलेली पोरं, 'अटॅकिंग रिएजंट' म्हणजे त्यांना लढाईतलं काही वाटत असणार. शालन खिडकीतून बाहेर पाहत होती. बाहेर टेम्पो भरत होता.

"अटॅकिंग रिएजंट म्हणजे, समजा, कमिटी," ती म्हणाली.

आणि वर्ग एकदम जागा झाला. चाळीसही जणांना ते लख्ख कळलं. कुणी हसलं नाही. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. रूपानं हात वर केला. "मॅडम, मंग ती जोडी कदीच एका जागी ऱ्हात न्हाई का?"

"राहते की. रिएजंट नुसता येऊन न जाता खराच जोडला गेला, रिॲक्शन झाली, तर मग परत फिरणं नाही."

रूपानं तेही लिहून घेतलं. वर्गात त्या दिवसापासून तो शब्दच रूढ झाला. रिएजंट कुणी म्हणेना. धन भार असलेली कमिटी, ऋण भार असलेली कमिटी. शालननं एक-दोनदा टोकलं, मग सोडून दिलं. कुठंतरी तिला ते आवडतही होतं.

तर हा मंगळवार. सकाळी आठला टेम्पो आला. ड्रायव्हर विकासनं आणि कॉलेजचे शिपाई गेणूभाऊ यांनी सामान लावलं. गेणूभाऊ साठीला टेकलेले, वलवणचेच, कागदोपत्री प्रयोगशाळा परिचर. खरं काम तंबू मोजून घेणं आणि कमिटी आली की पोहे करणं. शेजारच्या खोलीत स्टोव्हवर त्यांचे पोहे झाले, शेंगदाण्याच्या तेलाचा वास प्रयोगशाळेत आला. प्राचार्य बोडके सर नवा कोट घालून व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. बारावीच्या दहा मुलींना पांढरे ॲप्रन घालून ओट्यांपाशी उभं केलं होतं. ॲप्रनही टेम्पोतूनच आलेले.

"कुणी कशाला हात लावायचा नाही," बोडके सरांनी बजावलं. "नुसतं उभं राहायचं."

कमिटी दुपारी उगवली. तिघं जण होते, पण बोलणारा एकच, ते कमिटीचे अध्यक्ष. सगळे त्यांना साहेब म्हणत होते. साहेबांनी पोहे खाल्ले, प्रयोगशाळेत आले, हात मागं बांधून ओट्यांमधून फिरले. एका बाटलीवरची धूळ बोटानं पाहिली. धूळ नव्हती, सकाळीच पुसली होती. पानापानावर सही करायला रजिस्टर पुढं केलं होतं. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, समोर उभ्या असलेल्या रूपाकडे पाहिलं.

"बाळ, इलेक्ट्रॉन डिस्प्लेसमेंटचा टेम्पररी इफेक्ट कोणता?"

"इलेक्ट्रोमेरिक, सर."

"वा. कधी होतो?"

"अटॅकिंग रिएजंट जवळ आला का."

"अटॅकिंग रिएजंट म्हणजे काय?"

"कमिटी," रूपा म्हणाली.

बोडके सरांचा हात कोटाच्या बटणावर थांबला.

"काय?" साहेबांनी विचारलं.

साहेबांना ऐकू आलं नसेल असं रूपाला वाटलं. तिनं आवाज चढवला. "कमिटी, सर. कमिटी आली का पाय इलेक्ट्रॉनची जोडी आख्खी एका बाजूला सरकती. मंजी बगा, ह्ये सामान टेम्पोतनं हितं येतं आन् तंबू मागं शेडात जात्यात. एका कार्बनवर समदं, दुसऱ्यावर कायच न्हाई. कमिटी गेली का ज्ये व्हतं त्ये परत तितं. म्हनून टेम्पररी." तिला आणखी एक मुद्दा आठवला, मुद्दा सुटला तर मार्क जातो. "रिॲक्शन झाली तरच परत जात न्हाई, सर. पर आपल्या हितं अजून झाली न्हाई."

तिच्या चेहऱ्यावर खोडी नव्हती. मॅडमनी दिलेलं उदाहरण परीक्षेत सांगायचं असतं, एवढंच त्या पोरीला ठाऊक. तिच्या वहीत ते सुवाच्य अक्षरात, खाली दोन रेघा मारून लिहिलेलं होतं.

शालनला वाटलं, सुटले. झालं ते बरं झालं. आता साहेब विचारतील कोणते तंबू, कोणती शेड, आणि मी सांगेन. अकरा वर्षं गिळलेलं सगळं सांगेन. ती एक पाऊल पुढंही आली.

साहेब हसले. चांगले मनापासून हसले, अगदी पोट हलेपर्यंत. मग त्यांनी एक नजर खिडकीबाहेरच्या टेम्पोवर टाकली, एक नजर बोडके सरांवर टाकली. त्यांना सगळं कळलं होतं. कळलं नसतं तर शालननं त्यांना माफ केलं असतं.

"उदाहरण चांगलं दिलं पोरीनं," साहेब म्हणाले. "कन्सेप्ट क्लिअर आहे." आणि त्यांनी रजिस्टरच्या पानापानावर लिहिलं, 'प्रत्यक्ष पाहिले', खाली सही, खाली तारीख. बुरेट नग वीस, प्रत्यक्ष पाहिले. पिपेट नग वीस, प्रत्यक्ष पाहिले. पेनाला टोपण लावलं. "चला, अण्णा जेवायला थांबलेत ना?"

कमिटीच्या गाडीमागं धूळ उडाली. शालनच्या अंगाचा तिळपापड झाला होता. ज्याला खोटं दिसत नाही असा माणूस तिनं पाहिला होता. खोटं धडधडीत दिसूनही त्याच्याखाली 'प्रत्यक्ष पाहिले' लिहिणारा, आणि वर पोरीला शाबासकी देणारा, हा पहिलाच.

बोडके सर गाडीला निरोप देऊन तरातरा आत आले. "काय शिकवता तुम्ही पोरींना? माझी लाज गेली आज. या मुलीला उद्यापासून प्रॅक्टिकलला बसू द्यायचं नाही."

"कसल्या प्रॅक्टिकलला?" शालननं विचारलं.

बोडके सर रूपाकडे वळले आणि म्हणाले, "कळतं का तुला काय बोललीस ते?" रूपाचा चेहरा पार उतरला. "सर, चुकलं का उत्तर?" तिनं विचारलं. फोन वाजला, अण्णांचा असावा, ते बाहेर गेले.

विकासनं टेम्पो मागं घेऊन दाराला लावला. "चला, आटपा गेणूभाऊ. उद्या सकाळी हीच कमिटी कामशेतला हाय."

गेणूभाऊंनी जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा काढला. आणि मग शालननं जे पाहिलं ते ती दर तपासणीला पाहत होती, पण त्या दिवशी तिला खरं दिसलं. दहाही मुली काही न सांगता पुढं झाल्या. एकीनं कागदाची पानं वेगळी केली. दुसरीनं बुरेट आडवी घेतली, कॉककडच्या टोकाला आधी कागदाचा बोळा, मग तिरपी गुंडाळी, मग वरून सुतळी. रूपा तर न पाहता गुंडाळत होती, आई तंबूची घडी घालते तितक्या सफाईनं. दोन वर्षांत त्यांचा हात बसला होता. बुरेट गुंडाळायची कशी ते त्यांना उत्तम येत होतं. भरायची कशी, हे दहापैकी एकीलाही येत नव्हतं.

शालनच्या डोक्यात तिडीक गेली.

"ठेवा ते खाली," ती म्हणाली. "रूपा, सोड तो कागद. सगळ्या बुरेटी परत ओट्यावर."

"मॅडम, मला पाचला निघायचंय," विकास म्हणाला.

"निघा की. टेम्पो तुमचा आहे. सामान या कॉलेजचं आहे." तिनं रजिस्टर उघडून त्याच्यासमोर धरलं. "वाचा. साहेबांनी आत्ताच प्रत्यक्ष पाहिलंय."

विकासनं मान खाजवली. तो वाडीतलाच, रूपाच्या नात्यातला, पण नोकरी अण्णांची. "मला वाचून काय करायचं मॅडम? माज्याकडं यादी हाय. यादीपरमानं न्यायचं."

"काय लिहिलंय यादीत?"

"बुरेट वीस, पिपेट वीस. बाटल्या सीलबंद, बारा."

"सीलबंद," शालन म्हणाली. तिनं ओट्यावरून एक बाटली उचलली. पोटॅशियम परमँगनेट. लेबल उन्हानं पिवळं पडलं होतं, सील मात्र जसंच्या तसं. ती बाटली तिनं रूपाच्या हातात दिली. "फोड."

रूपानं बाटली दोन्ही हातांत धरली. आजवर तिनं ती बाटली फक्त खोक्यात भरण्यासाठी धरली होती. "मॅडम, ह्ये फोडलं तर परत लावता येनार न्हाई."

"म्हणूनच फोड."

रूपानं गेणूभाऊंकडे पाहिलं. गेणूभाऊ इतका वेळ हातात वर्तमानपत्र धरून उभे होते. त्यांनी ते खाली ठेवलं, खिशातली सुरी काढली आणि पुढं केली. "फोड, पोरी. हाताला जप."

सील तुटल्याचा बारीकसा आवाज झाला. झाकण घट्ट बसलं होतं, गेणूभाऊंनी ते फिरवून सैल केलं. आतले काळेजांभळे खडे पाहून ते म्हणाले, "आरं, ह्ये तर हिरीत टाकायचं लाल औषद. आमी लहानपनी पान्यात बगायचो."

"तेच," शालन म्हणाली. "गेणूभाऊ, पोह्यातलं तेल उरलंय का?"

"हाय की अर्दी बाटली."

"आणा. आणि एक बादली पाणी."

विकास दाराशीच उभा होता. त्यानं यादीकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं. "मॅडम, आता अकरा सीलबंद आन् एक फुटलेली. ही मी न्हेनार न्हाई. उद्या म्हनत्याल विकासनं फोडली."

"बरोबर आहे तुमचं. अर्धवट माल कशाला न्यायचा?" शालन मुलींकडे वळली. "सगळ्या फोडा."

अकरा सीलं अकरा वेळा तुटली. मुलींना आधी धीर होईना, मग एकमेकींच्या हातातून सुरी घेऊ लागल्या. विकासनं यादीची घडी केली, खिशात घातली, आणि टेम्पोच्या केबिनमध्ये जाऊन बसला. जाताना रूपाला हळूच म्हणाला, "मी न्हाई बगितलं काय." मग त्यालाच हसू आलं.

बोडके सर फोन कानाला लावूनच आत आले आणि उंबऱ्यातच थबकले. ओट्यावर बारा उघड्या बाटल्या. स्टँडला लावलेल्या बुरेटी, त्यांच्यात पाणी. एक मुलगी कॉक बंद ठेवून वरून फनेलनं ओतत होती आणि बाकीच्या तिच्या हाताकडे जीव मुठीत धरून बघत होत्या.

"हे काय चाललंय?"

"प्रॅक्टिकल," शालन म्हणाली.

"मॅडम, उद्या कामशेतला काय दाखवायचं आम्ही?"

"तंबू दाखवा."

बोडके सरांनी फोनवर हात ठेवला. ते वाईट माणूस नव्हते, भित्रे होते. शालनला तो फरक अकरा वर्षं मोठा वाटत आला होता, आज वाटेना. "अहो, अण्णा फोनवर आहेत," ते दबक्या आवाजात म्हणाले. "सामान निघालं का विचारतायत. जूनमध्ये तुमची ऑर्डर काढायचीय, विसरलात का? काय सांगू त्यांना?"

"सांगा, सामान इथलं आहे. वीस वर्षं रजिस्टरमध्ये आहे, आणि आज साहेबांची सही आहे. आता यातली एक नळी जरी इथून हलली तर चोरीची तक्रार मी करणार. डेड स्टॉकवर सही माझी आहे, सर. तुम्हीच दर वर्षी माझ्याकडून घेतलीत. आणि साहेबांना साक्षीला बोलावणार. प्रत्यक्ष पाहिलंय त्यांनी." "ऑर्डरचं जूनमध्ये बघू. ती नाही निघाली तर नाही. पण या पोरींची परीक्षा फेब्रुवारीत आहे, आणि तोपर्यंत मी इथं आहे."

बोडके सरांनी रजिस्टरमधली सही वाकून पाहिली. मग फोन कानाला लावून व्हरांड्यात गेले. ते काय सांगत होते ते आत ऐकू आलं नाही. "साहेबांची सही" एवढे शब्द मात्र दोनदा आले.

शालननं परमँगनेटचे चार खडे पाण्यात टाकले. पाण्यात जांभळ्या रेघा उतरल्या आणि पाणी गुलाबी झालं. चिमूटभर सोडा त्यात घातला. दहा मुली, दहा परीक्षानळ्या. प्रत्येकीला थोडं गुलाबी पाणी, वर गेणूभाऊंच्या तेलाचे थेंब.

"तेलात डबल बाँड असतात," ती म्हणाली. "तुम्ही वहीत काढता तेच. नळीचं तोंड असं धरा. हलवत राहा. थांबू नका."

मुली हलवत राहिल्या. कुणाचा हात गुलाबी झाला, कुणाच्या ॲप्रनवर डाग पडला. एका नळीतलं ओघळून ओट्याखाली चुकून राहिलेल्या गादीवर सांडलं आणि मुलगी घाबरली. "असू दे," शालन म्हणाली. बाहेर विकासनं एकदा हॉर्न वाजवला, मग वाजवला नाही.

हळूहळू रूपाच्या नळीतला गुलाबी रंग फिका पडला. मग गेला. तिथं मळकट तपकिरी आला. रूपानं नळी खाली ठेवली नाही. उजेडासमोर धरून ती बघत राहिली, दोन मिनिटं, तीन मिनिटं. मग तिनं नळी स्टँडला लावली, जर्नल उघडलं, पेन काढलं आणि फळ्याकडे तोंड करून बसली. एकेक करून बाकीच्या नऊही तशाच बसल्या.

शालनला काही कळेना. "काय झालं? लिहा की."

"मॅडम, तुमी फळ्यावर लिवलं न्हाई अजून," रूपा म्हणाली.

शालन फळ्याकडे गेली. त्यावर सकाळपासून साहेबांसाठी रंगीत खडूनं काढलेलं 'सुस्वागतम्' होतं. तिनं डस्टर घेऊन ते पुसलं. सगळा फळा कोरा केला. डस्टर खिडकीबाहेर झटकलं.

"तुला काय दिसलं ते लिही," ती म्हणाली.

असं लिहायची रूपाला सवय नव्हती. तिनं पुन्हा एकदा नळी उचलली, उजेडात धरली, खात्री केली. मग निरीक्षणाच्या रकान्यात लिहिलं: गुलाबी रंग गेला. तपकिरी आला. वाट पाहिली. परत आला नाही.